नव्या वाणाचा शेतकरी

यंदा आमच्या शिवारातल्या द्राक्षबागांनी जुने शेतकरी काढून नव्या वाणाचे लावायचं ठरवलं.

सुरुवात बांधापलीकडच्या बागेनं केली. तिनं विश्राम भाऊजींना मुळासकट उपटलं आणि तिथं पुण्याचा तरुण लावला. गॉगलवाला, उभ्या उभ्या फोनवर बोलणारा. गोडी जरा कमी, पण फोटोत झकास. झालं, आठवड्यात अख्ख्या शिवाराला पुण्याचेच हवे झाले.

आमची बागही आमच्या ह्यांच्याकडं तिरकं बघायला लागली. विश्राम भाऊजी अजून बांधावर वाळत पडलेत.

मी सरळ बागेत गेले. म्हटलं, "बाई, आमच्या ह्यांच्यात खोट काय आहे?"

"खोट काही नाही," बाग म्हणाली. "सध्या चालत नाहीत."

"चांगले फळावर आहेत की."

"माझ्या आधीची हिरवी बागही फळावर होती. ती का तोडलीत?"

"शेजाऱ्यांनी काळी लावली होती म्हणून."

"मग," बाग म्हणाली.

मी पदर खोचला. "निदान मुळं तरी राखा. खाली चिवट खुंट ठेवायचा, वर नवं कलम बांधायचं. उन्हातान्हात मुरलेलं माणूस आहे, खुंट म्हणून टिकेल."

"असं शेजारी कुणी केलंय?"

"अजून नाही. तुम्ही केलंत की सगळ्या करतील."

हे तिला फार आवडलं.

आता छातीपासून वर पुण्याचा तन्मय आहे. चर्चासत्रात तोच बोलतो, हारही त्याच्याच गळ्यात. खाली आमचे हे आहेत, पाणी अजून तेच ओढतात. मधला सांधा प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलाय. जेवायला हाक मारली की तन्मय "टू मिनिट्स, मॅडम" म्हणतो, पण पाय आधीच मुकाट्यानं स्वयंपाकघराकडं निघालेले असतात. ते बघून मला रडू येतं.

काल बाग मला खालून वर न्याहाळत होती. म्हटलं, "आता माझा नंबर वाटतं?"

"छे, तुम्ही मांडव," ती म्हणाली. "वाण बदललं तरी मांडव कुणी बदलत नाही. ओझं पेलतोय तोवर राहू देतात."

बरं म्हटलं आणि घरी आले. संध्याकाळी तेल कोमट करून ह्यांचे पाय चेपत बसले. वर तन्मय फोनवर होता.