दोनशे चौदाचा मालक

सदाशिवराव झाडे यांनी घर विकायला काढलं, त्याला एकच कारण होतं आणि ते कारण शेजारच्या घरात राहत होतं. कारणाचं नाव लक्ष्मणराव. त्यांच्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून सदाशिवरावांच्या अंगणात येई. त्यावरून १९८८ साली दोघांची बोलाचाली झाली आणि तेव्हापासून अबोला धरलेला. अकरा वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून दोघांनी एकमेकांना हूं की चूं केलं नव्हतं. गाव वर्ध्याजवळच्या आंजीच्या पलीकडचं. नाव सांगून गावाला कशाला ओशाळं करायचं?

आता मात्र योग जुळून आला होता. वर्ध्यात दोन खोल्यांचं घर सापडलं होतं आणि त्याचा मालक अक्षय तृतीयेपर्यंत थांबायला तयार होता. इकडे सोयाबीनचे व्यापारी ताराचंद यांना सदाशिवरावांचं मोठं अंगण गोदामासाठी पसंत पडलं होतं. राहिला होता फक्त कागद. तो करायला सदाशिवराव वर्ध्याला भैय्याजींकडे गेले. भैय्याजी रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहीत. तीस वर्षं लोकांची घरं एकमेकांच्या नावावर करता करता त्यांना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

“घर नंबर?” भैय्याजींनी विचारलं.

“दोनशे पंधरा. दारावर पत्रा ठोकला हाये.”

“हे तुमच्या आजोबाचं खरेदीखत अन् हा पंचायतीचा उतारा. दोन्ही म्हंतात तुमचं घर दोनशे चौदा.”

“दोनशे चौदा त त्या लक्ष्मण्याचं!”

“कागदावर तुमचं हाये. तुमी राह्यता ते त्याचं.”

“असं कसं? घरपट्टी भरतो न मी! वीस वर्साच्या पावत्या हायेत.”

“पट्टी भरल्यानं कोनी मालक होत नाई, सदाशिवराव. अन् पावतीवरचा नंबर त पाहा.”

सदाशिवरावांनी पाहिला. पट्टीवाला ओट्यावर येऊन नावानं हाक मारी, नावानं पावती फाडी. नंबर बघायची कोणाला गरज? वीस वर्षं ते लक्ष्मणरावांच्या घराची पट्टी भरत आले होते. मालकी गेल्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

“अन् म्या त्या दोनशे चौदाच्या मालकावर पंचायतीत अर्ज देल्ला हाये, न्हानीच्या पान्याचा!”

“म्हंजे सोतावरच,” भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला खुणेनं बसवलं.

घरी येऊन त्यांनी अनुसयाबाईंना हे सांगितलं, तर बाई तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

“मामंजींनी बदललं न घर. सासूबाई सांगत. एका साली तीन बैल मेले तवा कोनीतरी सांगतलं, दक्षिनेचं दार सोड. लक्ष्मणभाऊजीच्या वडलाले जनावरं नोयती, अंगन कायले पाह्यजे? एक दुभती गाय घेतली, नारळ फोडला, अन् इकडचे तिकडे झाले.”

“अन् कागद?”

“नारळ फोडल्यावर कागद कायले?”

“मले काऊन नाई सांगतलं आजपावेतो?”

“तुमी कधी इचारलं?”

तोड सोपी होती. भैय्याजींनी ती दुसऱ्या दिवशी सांगितलीही: अदलाबदलीचा दस्त करायचा, दोघांनी सही करायची, रजिस्ट्री व्हायची, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त लक्ष्मणरावांची सही पाहिजे. हे ऐकून सदाशिवराव एवढ्या उन्हात बसस्टँडपर्यंत पायी गेले.

संध्याकाळी दोन्ही कुटुंबं भिंतीपाशी जमली. अबोला पुरुषांचा होता. अनुसयाबाई आणि लक्ष्मणरावांच्या धुरपताबाई यांचं या भिंतीवरून अकरा वर्षं भाजी, विरजण आणि गावभरच्या बातम्यांचं देणंघेणं चालू होतं. भिंत छातीएवढी. चौघंही एकमेकांना स्वच्छ दिसत होते.

“त्याले सांग, एक सही पाह्यजे,” सदाशिवराव बायकोला म्हणाले.

“त्याले सांग, सही पाह्यजे त सोता तोंडानं माग म्हना,” लक्ष्मणराव आपल्या बायकोला म्हणाले.

“त्याले सांग, मागाले मी भिकारी नाई! कागदावर ते घर माहं हाये. खाली कर म्हना माहं घर!”

“त्याले सांग, आंधी माहं खाली कर!”

“उद्या करतो!”

“मी आजच बांधतो सामान!”

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. निरोप द्यायची वेळच आली नाही.

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दोघांनी घरं बदलली. गावात रिकामी बैलबंडी एकच होती. ती इकडून भरून तिकडे जाई आणि तिकडून भरून इकडे येई. एकही खेप वाया गेली नाही, म्हणून बंडीवाला खूश. जातं आणि रांजण मात्र जागच्या जागी ठेवायचे, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. घरांपुढच्या बोळात सदाशिवराव बाज घेऊन आणि लक्ष्मणराव ट्रंक घेऊन समोरासमोर आले, तेव्हा दोघांनी तोंडं फिरवली आणि दोघेही भिंतीला आपटले.

दोनशे चौदात आल्यावर सदाशिवरावांना एक नवं सुख कळलं. आता न्हाणी त्यांची होती आणि अंगण लक्ष्मणरावांचं. चैत्र तापलेला, आंघोळीला कोण नाही म्हणणार? ते दिवसातून तीनदा आंघोळ करू लागले. विहिरीवरून पाणी आणता आणता अनुसयाबाईंचे खांदे भरून आले. लक्ष्मणराव अंगणातल्या चिखलाकडे बघत उभे राहत आणि आत जात. जे सदाशिवरावांनी अकरा वर्षं सोसलं, ते लक्ष्मणरावांना अकरा दिवसही सोसवलं नाही.

बाराव्या दिवशी ताराचंद आले. सदाशिवरावांनी त्यांना मोठ्या ऐटीत दक्षिणेच्या दारातून आत घेतलं आणि खरेदीखत, उतारा, पावत्या समोर मांडल्या.

“पाहा शेठ. ताबा माहा, कागद माहा. आता कोनाच्या बापाची सही लागत नाई.”

“कागज बरोबर है, सदाशिवराव,” ताराचंद इकडेतिकडे बघत म्हणाले, “पन आंगन किधर है?”

“आंगन... तिकडं हाये.”

“मग मी तिकडंच जातो न.”

आणि ते गेले. तिकडेही आता कागद आणि ताबा एकाच माणसाकडे होता. लक्ष्मणराव चिखलात उभेच होते. त्यांनी भावसुद्धा फारसा ताणला नाही. अक्षय तृतीयेला ताराचंदांच्या नावानं दस्त झाला. वर्ध्याच्या घरासाठी सदाशिवरावांना मिळालेली मुदत त्याच दिवशी संपली होती, आणि भैय्याजींना ते दोन खोल्यांचं घर ठाऊक होतंच. ते त्यांनी लक्ष्मणरावांना दाखवलं.

सामानाचा मेटॅडोर निघाला तेव्हा सदाशिवराव ओट्यावर बसले होते. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. घर विकून, गाव सोडून त्यांना जे साधायचं होतं, ते जागचं न हलता साधत होतं. लक्ष्मणराव गाडीत चढता चढता थांबले, परत फिरले आणि ओट्यापाशी आले.

“येतो, सदाशिवा.”

अकरा वर्षं सदाशिवरावांनी मनातल्या मनात या माणसाला नाना तऱ्हांनी घालवलं होतं. पण निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायची गावाची रीत नाही.

“येजो,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पहिल्या बसनं लक्ष्मणराव हजर! ते सरळ आत आले आणि चाळीस वर्षं जिथे बसत आले त्या खांबाला टेकून बसले. वर्ध्याच्या घरात शेजारी दार लावून राहतात, म्हणाले. जेवले, झोपले आणि संध्याकाळच्या बसनं गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. सदाशिवरावांनी भैय्याजींना विचारून पाहिलं, यावर कायद्यात काही आहे का? भैय्याजी म्हणाले, विकत घेतलेल्या घरावर कायदा आहे, आलेल्या पाहुण्यावर नाही.

चौथ्या रविवारी बस वेळेवर आली नाही. अनुसयाबाई पाणी भरून परतताना स्टँडवरून गेल्या, तर नवरा टोपी घालून उन्हात उभा.

“कोनाची वाट पाहून राह्यले?”

“मी काऊन कोनाची वाट पाहीन? उगाच उभा हावो.”

पाऊण तासानं बस आली. खचाखच भरलेली. सर्वांत शेवटी लक्ष्मणराव उतरले, आणि ते खाली पाय टेकतात न टेकतात तोच सदाशिवराव त्यांच्या अंगावर ओरडले,

“लेका, जेवन थंडं झालं न! एक बस आंधी निंघाले काय होते तुले?”