जगतापकाकांनी वाटलेलं दुखणं

आमच्या लिफ्टला लाँग कोविड झाला आहे. हे निदान मेकॅनिकचं नव्हे, जगतापकाकांचं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली, आत आम्ही पाचसहा जण घामाघूम, कोणी रामरक्षा पुटपुटतंय, आणि काका शांतपणे म्हणाले, "घाबरू नका वो. कुठं जायचंय त्येच इसरली बिचारी. लाँग कोविड!" रामरक्षा जागच्या जागी थांबली.

जगतापकाका मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या व्यापारात जन्म गेला. भाव पुकारून पुकारून आवाज असा तयार झालाय, की त्यांनी पार्किंगमध्ये कुजबुजलेलं आम्हाला गच्चीत ऐकू येतं. आता धंदा पुतण्या बघतो आणि काका खारघरची आमची सोसायटी बघतात.

वर्षभरापूर्वी त्यांना हा शब्द कुठूनसा सापडला आणि प्रसाद वाटावा तसा त्यांनी तो वाटायला घेतला. वॉचमन पेंगतोय? लाँग कोविड. पाण्याचा टँकर शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरला? "ड्रायव्हरला हाय." सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजी पोथीचा एक अध्याय गाळून थेट आरतीला उठले, तर काका सर्वांदेखत म्हणाले, "असू द्या गुरुजी, लाँग कोविडमधी हुतंय असं." गुरुजींचा घंटेचा हात हवेतच राहिला. आणि काका मात्र शेजारी बसलेल्या सुमनकाकूंकडे वळून, जणू लॉटरी लागल्याच्या आनंदात, "बघ, गुरुजींना बी हाय!" प्रत्येक निदानानंतर ही बातमी बायकोला द्यायचीच. काकू गोड हसायच्या.

कहर झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात. नवरीला उखाणा घ्यायला लावला आणि ऐनवेळी तिला पुढची ओळ आठवेना. पोरगी लाजून लाल. तेवढ्यात जेवणाच्या पंगतीतून आवाज आला, "लाँग कोविड!" नवऱ्याच्या आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "मुलीला आजार आहे? आणि हे आम्हाला आत्ता सांगता?" नवरीचा बाप अर्धा तास हात जोडून विहिणींची समजूत घालत होता. काका काकूंच्या पानात जिलबी वाढायला लावत होते. "नवरीला बी हाय गं. एवढ्या तरण्या पोरीला!"

सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मला खरंच लाँग कोविड आहे.

हे सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून नीट सांगते. कोविड होतो, बरा होतो, टेस्ट निगेटिव्ह येते; पण काहींच्या बाबतीत तो गेल्यावरही त्याचं शेपूट मागे राहतं. महिनोन्‌महिने, कधी वर्षं. मी शाळेत गणित शिकवते. एक जिना चढले की पायरीवर बसावं लागतं. फळ्यासमोर उभं राहून साधा 'छेद' हा शब्द सापडत नाही, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहतो. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. माझी नणंद म्हणते, "अगं, मग आहे काय तुला?"

मला तळमजल्यावरचा वर्ग हवा होता, बाकी काही नाही. आमच्या उपमुख्याध्यापिका आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेले, तर त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या लिफ्टसारखं का?" अर्ज तिथेच राहिला आणि मी तिसऱ्या मजल्यावर.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी एका ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं, क्लबहाऊसमध्ये त्यांचं भाषण ठरवलं आणि नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत लावलं: 'लाँग कोविड म्हणजे काय आणि काय नव्हे.' 'काय नव्हे'खाली लाल रेघ मारली. उपमुख्याध्यापिकांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि जगतापकाकांना त्यांच्या शेजारी, असा माझा बेत होता.

शनिवारी दुपारी काका दारात उभे. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला की मला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

"मॅडम, त्येवढं भाषण रद्द करा."

"का? तुमचं दुकान बंद होईल म्हणून?"

काका सोफ्याच्या कडेवर टेकले. "भाषण नसंल रद्द हुत, तर त्ये 'काय नव्हं' त्येवढं गाळा. ही म्होरं बसून ऐकंल."

मला काहीच कळेना. मग ते जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"गेल्या साली हिला मेंदूच्या डॉक्टरकडं न्हेली हुती. सारखं इसरायची. डॉक्टरनं मला एकट्याला आत घेऊन नाव सांगितलं. हिच्या आईला हुतं, त्येच. हिनं आईचं सगळं केलं, मॅडम. शेवटाला आई हिलाच इचारायची, तू कुनाची गं? तवाच ही म्हनली हुती, मला ह्ये झालं तर सांगू नका, मी त्याच दिवशी मरंन." काकांनी तळहाताने तोंड पुसलं. "भायेर आलो, तर ही बाकड्यावर बसलेली. म्हनली, काय म्हनले डॉक्टर? समोरच्या भिंतीवर एक पोस्टर हुतं. त्ये वाचलं आन् सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हनली, मला एकटीलाच कसं? मग काय, वाटत सुटलो."

वर्षभर हा माणूस आम्हा सगळ्यांना आजारी पाडत होता, ते बायकोला स्मृतिभ्रंशात एकटं वाटू नये म्हणून!

मी काही बोलणार, एवढ्यात अर्धवट उघडं दार ढकलून सुमनकाकू आत आल्या. चपला काढल्या, सरळ माझ्या स्वयंपाकघराकडे वळल्या आणि थबकल्या. आमच्या बिल्डिंगमधली सगळी घरं एकाच नकाशाची. "अहो," त्या घाबरून म्हणाल्या, "आपलं सामान कोणी हलवलं?"

काका ताडकन उठले. गेलेला आवाज परत आला. "आगं, ह्ये मॅडमचं घर! तू बस. मॅडमला बी हाय!" आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ते डोळे बघवेनात. ते बिचारे समजत होते, आपण आणखी एकीला खोटंच दुखणं दिलं.

"हो काकू," मी म्हटलं. "मला लाँग कोविड आहे."

काकूंनी रिपोर्ट विचारले नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला. "शब्द सापडत नाही ना? जिभेवर असतो आणि येत नाही? आणि लोकांना वाटतं, ही नाटकं करते?"

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्यावर इतक्या चटकन कोणी विश्वास ठेवला नव्हता. मला रडूच फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

"काका, भाषण रद्द," मी डोळे पुसत म्हटलं. "डॉक्टरांना वेळ नाही."

"बरंच झालं," सुमनकाकू माझा हात थोपटत म्हणाल्या. "त्यांना काय कळणार? ज्याला होतं ना ताई, त्यालाच कळतं."