सहा ते नऊचे तुकोजीकाका

आमच्या गल्लीत संध्याकाळी सहानंतर इडलीचं पीठ वाटायचं असेल, तर आधी तुकोजीकाकांना विचारावं लागतं. नाही विचारलं, तर ते स्वतःच येतात. हातात नाचियारकोविल गावची पितळी घंटा.

"लक्ष्मीअक्का, ग्राइंडर थांबव! लोड चढतोय!"

"अय्यो काका, आता चटणीसुद्धा तुम्हाला विचारून वाटू?"

"सहा ते नऊ, होय!"

काका सबस्टेशनात ऑपरेटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची ड्यूटी संपलेली नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडतो. म्हणून त्यांनी घरोघरी वेळापत्रक चिकटवलंय. ग्राइंडर सकाळी, पाण्याची मोटार दुपारी. कुणी कुरकुरलं की म्हणतात, "वीज काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला? लागेल तेव्हाच करायची, वाटून घ्यायची."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यातून इलेक्ट्रिकलला. परीक्षा जवळ आली आणि रोज सातला दिवे जाऊ लागले. नापास झाले तर आप्पा पुढच्या वर्षाला पाठवतील, याची मला खात्री नव्हती. काका म्हणाले, "पोरी, तू वाच. दिव्यांचं मी बघतो."

त्या आठवड्यात घंटा दुप्पट वाजली. लोकांनी शिव्या दिल्या, पण एसी बंद केले. दिवे एकदाही गेले नाहीत.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मी पायसम घेऊन गेले. गल्लीत सगळीकडे दिवे होते, काकांचं घर तेवढं अंधारात. ते ओट्यावर ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसले होते.

मी चाचरत म्हटलं, "काका, मी हिशेब केला... तुमच्या एका दिव्यानं, एका पंख्यानं ट्रान्सफॉर्मरला काही फरक पडत नाही."

"ठाऊक आहे की." ते हसले. "नोकरीत वरून फोन यायचा, लोड उतरव. मी खटका ओढायचा, की अर्धं गाव काळोखात. कुणाची परीक्षा, कुणाकडे बाळंतीण, विचारायला वेळ नसायचा. तुझी काकू जेवायला थांबलेली असायची, तिचाही दिवा मीच घालवायचो."

त्यांनी पंखा खाली ठेवला.

"आता ती नाही. वेळच वेळ आहे. म्हणून दारोदार जाऊन विचारतो."

निघताना मी विचारलं, "काका, उद्या आमची मोटार किती वाजता लावू?"

वेळ मला पाठ होती. पण काका लगबगीनं उठले आणि टॉर्च लावून वेळापत्रकाची वही शोधू लागले.