डांबऱ्याचा वाढीव हप्ता

डांबऱ्या कुत्र्याने घोरपड्यांच्या घरावर उतरवलेल्या विम्याचा हप्ता यंदा वाढवला आणि हप्त्यात शर्वरीचं नाव मागितलं.

सारिका भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. "नाव म्हणजे?"

"नाव म्हणजे नाव, वहिनी," डांबऱ्या म्हणाला. बोलणी करायची असली की तो उंबऱ्याच्या आत येऊन, शेपूट पायाभोवती गुंडाळून बसे. तसाच आत्ता बसला होता. "तिचं मला द्यायचं. बेंदराच्या आत."

विम्याचं वर्ष बेंदराला संपे, कारण तो जनावरांचा सण. सूतगिरणीच्या वसाहतीत घरोघरी हीच पद्धत होती. कुणाकडे मांजर, कुणाकडे शेळी. पाटोळ्यांकडे एक कासव होतं. त्याचा हप्ता कमी होता, पण भरपाई फार सावकाश मिळे. घरातल्या माणसावर काही यायचं झालं की ते जनावर आपल्या अंगावर घेई. पूर्वी जनावरं हे फुकट करत. माणसं नुसती "घरावरचं नेलं गं बिचाऱ्यानं" म्हणून चुकचुकत आणि दुसरं पिल्लू आणत. पुढे जनावरांनी हप्ता घ्यायला सुरुवात केली. पैसे त्यांच्या काय कामाचे? ती दुसरं काहीतरी मागत. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

डांबऱ्या हा रस्त्याच्या कामावर डांबरात रुतलेला कुत्रा. दिगंबरने त्याला रॉकेलच्या बोळ्याने पुसून घरी आणलं तेव्हा सारिकाला दिवस गेलेले होते. पहिल्या हप्त्यात त्याने भाकरीचा पापुद्रा मागितला. मग चुलीजवळची ऊबदार जागा. मागच्या वर्षी घरात सगळ्यांच्या आधी जेवण्याचा मान. सारिकाने सगळं दिलं. तिला लेक झाल्यापासून प्रत्येक वस्तूची भीती वाटत होती. बादलीत पाणी दिसलं की बुडणं दिसे, शर्टाचं बटण दिसलं की घसा दिसे. आणि डांबऱ्याही कामाला चोख होता. शर्वरीच्या घशात चिंचोका अडकला तेव्हा डांबऱ्या अंगणात काळानिळा झाला आणि चिंचोका त्याच्या तोंडातून पडला. उकळतं दूध लवंडलं तेव्हा पोरगी कोरडी राहिली आणि डांबऱ्याच्या पाठीला फोड आले. तिथले केस परत आलेच नाहीत.

"पण नावच का हो?" सारिकाने विचारलं. एरवी ती त्याला अरे-तुरे करी, पण हप्त्याची बोलणी चालू असली की अहो-जाहो.

"सांगतो. येणारी बाई नाव विचारत येते. तुम्हाला ती दिसत नाही. मला फाटकापाशी भेटते. 'शर्वरी घोरपडे कोण?' म्हणते. मी म्हणतो, 'तिच्या वाटचं मला द्या.' ती म्हणते, 'तू तर डांबऱ्या.' मग वाद घालावा लागतो. वादात वेळ जातो, वहिनी. चिंचोक्याच्या वेळी पोरीचे डोळे पांढरे झाले होते, आठवतं का?"

सारिकाला आठवत होतं. दुसरं काही तिला फारसं आठवतच नसे.

"ती बाई आता वरचेवर यायला लागलीय. मोठंही काही आणणार असं दिसतंय. नाव माझं असलं तर वादच नाही. आणि विमा सोडायचा असेल तर सोडा. माझी जबरदस्ती नाही. मी इथंच राहीन, भाकरी खाईन, भुंकेन. नुसता कुत्रा म्हणून."

दिगंबर पाळी संपवून आला तेव्हा कापसाचे तंतू त्याच्या भुवयांवर होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडून दे."

"काय सोडून दे?"

"विमा. आज नाव मागतोय, उद्या माझी मिशी मागेल. अगं, आपण लहानपणी चिंचोके गिळले नाहीत का? सकाळी दिसायचे."

"तुमचं निराळं."

"माझं काय निराळं? मी दगडाचा होतो? पडलो, फुटलो, वाढलो. गायकवाडांनी शेळीचा विमा सोडला, काय झालं? पोराचा एकदा हात मोडला, बसवला, आता दोन्ही हातांनी मारामारी करतो."

"हात मोडला ना पण?"

"मोडला गं. पण त्याचा त्याचा मोडला."

बेंदराची सकाळ आली. दिगंबरने डांबऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी चारली आणि सांगितलं, "यंदा नको." डांबऱ्याने मान हलवली, पोळी संपवली आणि बाहेर जाऊन नुसता कुत्रा झाला.

दुपारपर्यंत सारिका पोरीच्या मागं मागं हात पसरून हिंडली. डाळ उतू गेली म्हणून ती वळली, तेवढ्यात शर्वरी पायरीवरून घसरली. गुडघा खरचटला. सालपट निघालं, रक्ताचे बारीक ठिपके वर आले. सारिका आपल्या लेकीचं रक्त पहिल्यांदाच पाहत होती. शर्वरीनेही पहिल्यांदाच पाहिलं. तिला आजवर काही दुखलंच नव्हतं, त्यामुळे आता काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती रडली नाही. तोंड उघडं टाकून आईकडे पाहत राहिली, कुणीतरी फसवल्यासारखी. सारिकाने बाहेर पाहिलं. डांबऱ्या सावलीला झोपला होता आणि त्याचे चारही गुडघे धड होते.

संध्याकाळी तिने मंगल अक्कांना बोलावून घेतलं. अक्का म्हणजे दिगंबरची थोरली बहीण, वसाहतीच्या पलीकडच्या गल्लीत राहणारी. शर्वरीच्या बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव अक्कांनीच सांगितलं होतं. आत्याने सांगितलेलं नाव आत्याशिवाय काढता येत नाही.

"कुत्र्याला?" अक्का म्हणाल्या. "मी पैठणी नेसून जे नाव सांगितलं ते कुत्र्याला? दिगू, तुझी बायको शुद्धीवर आहे ना?"

"मला विचारू नकोस, अक्का. मी नको म्हणालो होतो."

"आणि मग पोरीला काय म्हणायचं? अगं ए?"

उत्तर डांबऱ्याने दिलं. "नाव रिकामं ठेवता येत नाही. माझं घ्या. वापरलेलं आहे, पण मजबूत आहे."

"डांबऱ्या? पोरीच्या जातीला डांबऱ्या? लग्नात काय सांगायचं मुलाकडच्यांना?"

"लग्नापर्यंत पोचली म्हणजे मिळवली, अक्का," सारिका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की अक्कांना पुढं वाकावं लागलं. "तुमच्या आजोबांचं नाव धोंडिबा का ठेवलं होतं, सांगा बरं."

धोंडिबाच्या आधीची दोन्ही मुलं गेली होती. त्यांची नावं फार सुंदर होती असं घरात सगळे सांगत. तिसऱ्याला धोंडा म्हटलं, येणाऱ्याला वाटलं दगडच आहे, आणि धोंडिबा म्हातारे होऊन गेले.

"घुगऱ्या भिजत घाल," अक्का म्हणाल्या.

बारसं दुसऱ्या दिवशी झालं. पाळण्यात डांबऱ्या मावेना, त्याचे मागचे पाय बाहेर लोंबत होते. शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे पाळण्याला झोके दिले. अक्का वाकल्या, त्याचा उभा कान हाताने आडवा धरला आणि त्यात "शर्वरी" म्हणाल्या. लगेच बायकांनी त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या, नेहमीपेक्षा जरा हळू. मग अक्कांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी ओठ नेले आणि दुसरं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"एक दिवस उशिरानं, पण हप्ता पावला," डांबऱ्या म्हणाला. तेवढ्यात त्याने स्वतःच दुरुस्ती केली. "म्हणजे शर्वरीला पावला."

पोरीला नवं नाव फार आवडलं. "डांबऱ्या" म्हटलं की ती जिथं असेल तिथून धावत येई, आधीच्या नावाला कधी आली नव्हती तशी. सारिकालाच जड गेलं. "शर्वरी, जेवायला ये," असं तिने म्हटलं की दारातून तो पाठ भाजलेला काळा कुत्रा मान खाली घालून, बेताने पावलं टाकत आत येई. त्यालाही अवघडल्यासारखं होत असावं.

श्रावण लागला. एका दुपारी सारिका तांदूळ निवडत होती आणि पोरगी तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती, तेव्हा फाटक वाजलं. एक बाई उभी होती. साधीच होती, धुतलेली सुती साडी, पायात रबरी चप्पल. हातात काही नव्हतं.

"शर्वरी घोरपडे इथंच राहतात ना?" बाईने विचारलं. "मी नेहमी येते, पण या वेळी खूण पटेना. म्हणून म्हटलं, विचारावं."

सारिकाच्या हातातलं सूप कलंडलं. आधी ही बाई माणसांना दिसत नसे. नाव हललं तसं तिला विचारावं लागलं, आणि विचारायचं म्हणजे दिसावं लागलं.

डांबऱ्या ओट्यावरून उठला. "मी शर्वरी."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिची नजर सारिकाच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या पोरीकडे गेली. "आणि ही कोण म्हणायची?"

ओट्यावरचा कुत्रा तिच्याकडे पाहत होता. हे उत्तर त्याला देता येण्यासारखं नव्हतं.

"ही डांबऱ्या," सारिका म्हणाली. "आमची राखणीची आहे."

"भुंकते?"

"भुंकते की."

"बघू."

सारिकाने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "डांबऱ्या," ती म्हणाली, "कोण आलंय बघ. भुंक त्यांच्यावर."

पोरगी पुढं झाली. तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि त्या बाईवर भुंकली. खेळातलं भुंकणं नव्हतं ते. बाई एक पाऊल मागं सरकली.

"चांगली आहे," बाई म्हणाली. "सांभाळा." मग ती कुत्र्याला म्हणाली, "चला, शर्वरीबाई."

तो तिच्यामागोमाग गेला. बाईने वाटेत त्याच्यासाठी फाटक धरून ठेवलं. दोघं पाटोळ्यांच्या कुंपणापाशी वळली. कुठं ब्रेक वाजला नाही, कुणी ओरडलं नाही. सारिका बराच वेळ कान देऊन बसली होती.

दिगंबर आला. त्याने रिकामा ओटा पाहिला. "शर्वरी कुठं आहे?"

"गेली."

त्याने भिंतीला टेकून हळूच बसून घेतलं. "आणि डांबऱ्या?"

"निजलीय आत."

संध्याकाळी शेजारच्या बायका येऊन बसल्या. "घरावरचं नेलं गं," म्हणाल्या. पोरीच्या गालावरून हात फिरवून गेल्या. सारिका लेक झाल्यापासून पहिल्यांदाच सलग झोपली.

सकाळी ती विळीवर वांगी चिरायला बसली. वांगं टणक होतं. तिने जोर केला, वांगं निसटलं आणि पातं अंगठ्यात शिरलं. आत शिरताना तिने डोळ्यांनी पाहिलं. दुखलं नाही. अंगठा वर करून पाहिला, तर साधा ओरखडाही नव्हता.

आतल्या खोलीत पोरगी किंचाळली.

सारिका धावत गेली. पोरीच्या अंगठ्यातून रक्ताची धार लागली होती, गोधडी भिजत होती. सारिकाने अंगठा मुठीत घट्ट धरला आणि तिला सगळं उमगलं. विमा डांबऱ्याच्या नावावर होता. हप्ता पोचलेला होता. या घरातल्या माणसांवर जे काही येईल ते डांबऱ्याने अंगावर घ्यायचं, असं ठरलेलं होतं.

तिने हळद दाबली, चिंधी बांधली. दिगंबर दारात सायकलची किल्ली खिशात चाचपत होता.

"अहो," ती म्हणाली, "सायकल नको."

"का? उशीर होतोय."

तिने पोरीचा हात वर करून त्याला दाखवला आणि मग आपला अंगठा दाखवला. दिगंबर दोन्हींकडे पाळीपाळीने पाहत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने किल्ली खिशातून काढून खुंटीला टांगली.

"चालत जा," सारिका म्हणाली. "कडेकडेनं. आणि तिथं मशिनीपाशी..."

"हो."

"तुम्हाला काही होऊ देऊ नका."

"नाही होऊ देत," तो म्हणाला आणि एकेक पाऊल पाहून टाकत गेला.

तो वळणाआड होईपर्यंत सारिका दाराला धरून उभी होती. मग तिने विळी मिटवून फडताळात वर ठेवली, स्टोव्ह विझवला, आणि भिंतींपासून दूर, खोलीच्या मधोमध, हात मांडीवर घेऊन ती अगदी जपून खाली बसली.