वरच्या मजल्यावरच्या उड्या

"घरात हत्ती पाळलाय का?" खालच्या मजल्यावरच्या ज्ञानदेवकाकांनी इंटरकॉमवर विचारलं.

"नाही हो काका, मी दोरीवरच्या उड्या मारतेय!" मैत्री धापा टाकत म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस. मी मांजरी गावाहून ऊस मागवणार होतो." खट्! फोन बंद.

लॉकडाउन लागल्यापासून हे रोजचंच. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत मैदानाला कुलूप, शाळा मोबाइलमध्ये, मैत्रिणी स्क्रीनवरच्या चौकोनात. कोंडून कोंडून मैत्रीच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा. संध्याकाळी उड्या मारल्या की जरा माणसात आल्यासारखं वाटायचं, आणि नेमका तेव्हाच फोन! तिने खाली गादी अंथरली, तर काकांना मिक्सर खुपला. आईने चटणी खलबत्त्यात कुटली, तर "खाण खोदताय का?" खराडीचं ऑफिस घरात थाटून बसलेल्या बाबांच्या खुर्चीची चाकंसुद्धा त्यांना ऐकू जायची.

शेवटी आईचं टाळकं सटकलं. "उद्या या घरात टाचणीचाही आवाज होणार नाही. बघू कशावरून बोलतात!"

"आणि माझ्या उड्या?"

"मनातल्या मनात मार."

दुसऱ्या दिवशी सगळे मोजे घालून चवड्यांवर चालले. कुकरऐवजी पातेल्यात डाळ शिजली. आईने इंटरकॉमची वायरसुद्धा उपटली. संध्याकाळपर्यंत मैत्रीला उशी चावावीशी वाटू लागली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पीपीई किट घातलेला, फवारणीचा पंप घेतलेला माणूस. त्याच्यामागे दोन-दोन मास्क लावलेल्या सेक्रेटरी मंदाकिनीबाई.

"शुद्धीत आहात ना सगळे? ज्ञानदेवराव म्हणाले, सकाळपासून वर कुणी हलत नाहीये!"

कुणी काही बोलायच्या आत पंपवाल्याने बाबांवर, लॅपटॉपवर आणि लॅपटॉपमधल्या साहेबांवर फवारा मारला.

जिन्यात उलटा मास्क लावून काका उभे होते.

"अहो काका, तुमच्यासाठीच तर गप्प होतो आम्ही!" मैत्री किंचाळली.

"मला विचारलंत?" काका गुरगुरले. "आमची ही अडकलीय लेकीकडे नागपूरला. वर दणदणाट झाला की कळतं, बिल्डिंगमध्ये मी एकटाच उरलेलो नाही. आज दिवसभर काहीच नाही! काय समजायचं माणसाने?"

शेवटचं वाक्य जरा हललंच.

"गादी काढ ती," जाता जाता दारातून आत बोट दाखवत काका म्हणाले.

पुढच्या संध्याकाळी इंटरकॉमची वायर पुन्हा जोडून मैत्रीने थेट फरशीवर उड्या मारल्या. फोन नाही. आणखी जोरात मारल्या. शोकेसमधले कप नाचले, तरी नाही! आता मात्र तिने दोरी टाकली.

"आई, काका ठीक असतील ना गं?"

खाली पळायला तिने एक चप्पल घातली, तोच इंटरकॉम खणखणला.

"काय गं, आंघोळीला काय गेलो, तू उरकूनसुद्धा टाकलंस?"

"अहो, दमले मी!"

"ते मला सांगू नकोस. पुन्हा सुरू कर. माझं वैतागायचं राहिलंय."