लुक्कीची शाबासकी

सरकारला नावं ठेवायला लोकांना काय लागतं? मी मात्र ठेवणार नाही. माझी कंपनी, माझं ऑफिस आणि (माझ्या बायकोच्या, आइलाच्या मते) आमचा संसारसुद्धा सरकारी अनुदानावर उभा आहे. सरकारचे माझ्यावर उपकार आहेत, असं मी मनापासून म्हणतो. मनापासून काही म्हणणं मला किती जड जातं, हे पुढे कळेलच.

कंपनी म्हणजे मी एकटा, एस्को. ऑफिस म्हणजे आमच्या सौनाशेजारची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराशेजारची, कपडे बदलायची खोली. तिथे बसून मी लुक्की बनवला. लुक्की म्हणजे लहान मुलांना वाचायला शिकवणारं एक छोटं लाकडी यंत्र. मूल मोठ्याने वाचतं, लुक्की ते रेकॉर्ड करतो, आणि वाक्य बरोबर आलं की शाबासकी देतो. शिक्षणासाठी असं काही नवं करणाऱ्या छोट्या उद्योगांना आमच्याकडे सरकार पैसे देतं. पहिल्या वर्षाचं अनुदान मिळालं होतं. आता फक्त शाबासकीला आवाज हवा होता. नट कशाला शोधायचा, आपला गळा काय वाईट आहे, असं म्हणून मीच माइकसमोर बसलो. इथेच माशी शिंकली.

शाळेत चाचणी झाली. एका मुलीने अख्खं वाक्य न अडखळता वाचलं. लुक्की म्हणाला, "बरोबर आहे. चांगलं वाचलंस." मुलगी रडायला लागली. तिला वाटलं, घरी कोणीतरी गेलं.

अनुदान कार्यालयातल्या पिर्कोबाईंचा फोन आला.

"एस्को, यंत्र चांगलं आहे. पण ही शाबासकी आहे की दुखवट्याचा निरोप?"

"आमच्या हामे प्रांतात असंच बोलतात, मोजकं आणि कोरडं," मी म्हणालो.

"मीही हामेचीच आहे. बुधवारी येते. तोवर शाबासकीत जीव आणा, नाहीतर पुढचं अनुदान विसरा."

हे आइलाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी सौना तापवून माझं ऑफिस बाहेर काढलं असतं, आणि मला फोटोकॉपी मशीन विकण्याच्या जुन्या नोकरीवर धाडलं असतं. म्हणून मी गुपचूप सराव करायचं ठरवलं. आणि सरावाला घरच्या माणसाहून सोयीचं कोण?

जेवताना मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "आइला, माशाचं सूप अप्रतिम झालंय."

आइलाचा हात हवेतच थांबला. "गाडी ठोकलीस का?"

"नाही गं."

"मग? कोणी बाई आहे का?"

"छे! सूप छान झालंय, एवढंच. आणि तूसुद्धा छान दिसतेस."

ती उठली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःच्या आईला फोन केला. (आमच्या लग्नात मी तिला "बरी दिसतेस" म्हणालो होतो. तेवढ्यावर तिने इतकी वर्षं काढली होती.)

मी हिंमत सोडली नाही. सकाळी शेजारच्या राउनोला म्हणालो, "बर्फ काय सुरेख उपसतोस रे तू!" तो लालबुंद झाला. दुपारी पाहतो तर माझ्या कुंपणालगत त्यानेच टाकलेला अख्खा ढीग फावड्याने स्वतःच्या अंगणात नेत होता. "आधीच सांगायचं ना एस्को," तो म्हणाला, "इतकं लागट बोलायची काय गरज होती?"

मंगळवारी सासूबाई आल्या. एका हातात वेलचीच्या गोड पावाचा डबा, दुसऱ्या हातात हँगरवर काळा ड्रेस. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली, पावाचा मधला मऊ तुकडा मिळाला. जावयाचं असं कौतुक या घरात कधी झालं नव्हतं. मला वाटलं, चला, शाबासकी फळाला आली!

बुधवारी पिर्कोबाई आल्या. मी लुक्की ओट्यावर ठेवला, चालू केला आणि त्यांचा कोट अडकवायला गेलो. तेवढ्यात आइलाने त्यांना गाठलं. मी दारातून ऐकत होतो.

"माझ्यापासून लपवू नका. किती दिवस आहेत?"

"मार्चपर्यंत," पिर्कोबाई म्हणाल्या. "त्यात काही सुधारणा दिसली नाही, तर संपलंच."

आइला मटकन खुर्चीत बसली. सासूबाईंनी पावाचा डबा पिर्कोबाईंपुढे सरकवला आणि हलकेच विचारलं, "डॉक्टर, त्याला फार त्रास होईल का हो?"

"मी डॉक्टर नाही. अनुदान कार्यालयातून आलेय. यांना कौतुक करता येत नाही, म्हणून मी सराव करायला सांगितला होता."

 आइलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिर्कोबाईंकडे, मग परत माझ्याकडे.

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही," मी म्हणालो. "फक्त अनुदान."

आणि मग ती ओरडली. आमच्या घरात असा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. "अरे वा! वा, वा! किती छान! अगं आई, किती छान झालं!" ती हसत होती, रडत होती, आणि माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. गुद्दे चांगलेच लागत होते, पण मला कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं. माझ्या असण्याचा कुणाला इतका आनंद होत असेल, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

ओट्यावर लुक्कीचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता. पिर्कोबाईंनी बटण दाबलं. "अरे वा! वा, वा! किती छान!" लुक्की म्हणाला. राउनो बाहेर बर्फ उपसत होता, तो फावडं टाकून खिडकीशी आला.

पिर्कोबाईंनी पावाचा एक तुकडा सावकाश खाल्ला. मग म्हणाल्या, "बरं आहे."

आम्ही चौघंही हामेचे. अनुदान मंजूर झालं हे आम्हाला तिथल्या तिथे कळलं.

आता देशभरातली मुलं आइलाच्या शाबासकीवर वाचायला शिकतात. घरात मी रोज सुपाचं कौतुक करतो आणि ती रोज विचारते, "आता काय मोडलंस?" मी सरकारचा ऋणी आहे, सासूबाईंचा आहे, आणि आइलाचा तर आहेच.

माझा आवाजही पिर्कोबाईंनी अगदी वाया घालवला नाही. बॅटरी संपत आली की लुक्की माझ्या आवाजात तसं सांगतो. शाळांचं म्हणणं आहे की ते ऐकून मुलं इतकी हळहळतात, की हातातलं सगळं टाकून चार्जर शोधायला धावतात.