लॅपटॉपचा नवा मेंदू

लॅपटॉप उघडला की तो दमेकऱ्यासारखा घरघरायचा. त्याच्यावरच ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि टेबलाला लागून पिल्लूचा पाळणा. पिल्लूची झोप सशाची. चमचा पडला तरी डोळे टक्क. पण आई कामाला बसली की पोर हमखास झोपायची. "एवढ्याशा जिवालाही कळतं हो, आईला काम आहे ते," असं ती फोनवर सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुस्तक पाठवलं नाही, तर पुढचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. आणि लॅपटॉप एकेका पानाला रुसून बसत होता.

"वहिनी, याचा मेंदूच बदलू," धाकटा दीर म्हणाला. "आमच्या विद्यापीठाने स्वतःची लिनक्स काढलीये, विंडोजच्या जागी टाकायची. जुन्या यंत्रावरही पळते. शिवाय फुकट!"

"विद्यापीठात मेंदू फुकट मिळतो?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मग तू रोज जातोस तिथे, तुला कसा नाही मिळाला?"

डाउनलोड सुरू झालं. पट्टी सरकत सरकत टोकाशी आली आणि थिजली.

"आई, राऊटरचा प्लग कुठाय?"

"तो होय? उगाच लुकलुकत होता. काढला आणि मिक्सर लावला."

पुन्हा श्रीगणेशा. या खेपेला दीर प्लगपाशी ठाण मांडून बसला. मग ती लॅपटॉपवर चढवायला पेनड्राइव्ह हवा. घरात एकच, सासूबाईंचा.

"माझे गुडघ्यांचे व्यायाम आहेत त्यात. पुसलेस तर तुझ्या खांद्यावर बसून जिना चढेन!"

व्यायाम फोनमध्ये गेले, पाठोपाठ तिची मुद्रितं. पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

"भाऊजी, नक्की ना?"

"वहिनी, बिनधास्त!"

आणि खरंच, पान डोळ्याचं पातं लवण्याआधी उघडलं. "अय्या, आवाजसुद्धा नाही!" ती म्हणाली.

त्याच क्षणी पिल्लूने भोकाड पसरलं. खांद्यावर घेतलं, गाणं म्हटलं, खुळखुळा झाला. दिराने माकडासारखी तोंडं केली, तर पोर आणखी घाबरली. इकडे घड्याळ पळत होतं. सासूबाईंनी वैतागून राहिलेलं वाटण लावलं. मिक्सर घुर्रर्र झाला आणि पिल्लू गप्प. मिक्सर थांबला, पुन्हा टाहो.

तिघांनी एकदम लॅपटॉपकडे पाहिलं. तो साधूसारखा शांत बसला होता.

"म्हणजे ती माझ्यासाठी नव्हती झोपत?" तिचा चेहरा एवढासा झाला.

दिराने विद्यापीठातल्या सरांना फोन लावला. "सर, लॅपटॉपचा पंखा वाजवायचा कसा?"

सरांनी आधी प्रश्न पुन्हा विचारून घेतला. "अरे, लोक बंद करायला फोन करतात." मग सरांनी उपाय सांगितला: यंत्राला न संपणारी आकडेमोड देऊन ठेव, तापलं की पंखा आपोआप फिरेल.

आकडेमोड सुरू झाली. घरघर आली. पिल्लूच्या पापण्या जड झाल्या. लॅपटॉपचा अर्धा जीव आता फुकाच्या हिशेबात आणि अर्धा कामात, थेट तिच्यासारखाच. धापा टाकत का होईना, दोघांनी मिळून पुस्तक वेळेत पाठवलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "झालं काम? पिल्लूने करू दिलं?"

तिने घरघरणाऱ्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग पाळण्यातल्या झोपेत सैलावलेल्या इवल्या मुठीकडे.

"दिलं तर! एवढ्याशा जिवालाही कळतं हो," ती म्हणाली आणि हसू दाबणाऱ्या दिराकडे पाहून तिने डोळे वटारले.